पुढच्या साथीआधी लहान लॅबची तयारी : आधी काय, मग काय?

निर्जंतुक

नमस्कार मंडळी.

पुण्यात रहिवासी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, सहा-सातशे चौरस फुटांत चालणाऱ्या लॅब पुष्कळ आहेत. पुढे काउंटर, बाजूला रक्त घ्यायची खुर्ची, आत एका लांबट खोलीत सेलकाउंटर, बायोकेमिस्ट्रीचं यंत्र, नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रीफ्यूज आणि फ्रिज. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. २०२० च्या मार्चमध्ये राज्यातले पहिले करोना रुग्णही पुण्यातच सापडले. एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) शहरात असल्यामुळे नमुने पुढे पाठवायची सोय आहे, पण नमुना आधी येतो तो अशाच एखाद्या लॅबच्या काउंटरवर.

प्रश्न असा : उद्या श्वसनाची नवी साथ आली आणि अशा लॅबला स्वॅब घेणं, अँटिजेन, कार्ट्रिजवरची पीसीआर (विषाणूचं जनुकीय द्रव्य ओळखणारी चाचणी) एवढं काम करायचं असेल, तर तयारी कुठल्या क्रमाने करावी? माझं मत : पहिला पैसा खोलीतल्या हवेवर आणि बायोसेफ्टी कॅबिनेटवर (नमुने उघडायची, हवा गाळणारी पेटी), शेवटचा अंगभर पांढऱ्या कव्हरऑलवर. २०२० मध्ये बहुतेक ठिकाणी क्रम नेमका उलटा होता. कृपया आकडे आणि कृती लिहा. 'काळजी घ्या' हे सगळ्यांना माहीत आहे.

दुहेरी_ग्लोव्ह

धागा फार गरजेचा आहे. पण हवेच्याही आधी एक गोष्ट येते : कुठल्या कामाला कुठली पातळी लागते, ते. पीसीआर, अँटिजेन, सिक्वेन्सिंग अशी विषाणू न वाढवणारी कामं जागतिक आरोग्य संघटनेच्या करोनाविषयक सूचनांनुसार बीएसएल-२ मध्ये, म्हणजे जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीत होतात. विषाणू पेशींवर वाढवायचा असेल तर बीएसएल-३. म्हणजे गल्लीतल्या लॅबला बीएसएल-३ बांधायची गरज नाही. जे आहे ते नीट चालवायची गरज आहे.

नळी बंद असेपर्यंत धोका जवळजवळ नाही. तो तयार होतो मोजक्या क्षणी : झाकण उघडताना, स्वॅब नळीत घुसळताना, नळी हलवणाऱ्या व्होर्टेक्सवर, पिपेटमधला शेवटचा थेंब जोराने फुंकताना (बुडबुडा फुटतो, तोच एरोसोल, म्हणजे हवेत तरंगणारे बारीक थेंब), सेंट्रीफ्यूजमध्ये नळी तडकल्यावर, आणि कचऱ्याची पिशवी दाबून बसवताना. आपल्या लॅबमध्ये हे सहा क्षण कुठे आणि कुणाच्या हातून घडतात ते कागदावर काढा. खरेदी त्यानंतर.

पाषाणकर_७

दुहेरी_ग्लोव्ह यांच्याशी सहमत. आता कॅबिनेटबद्दल, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. लॅमिनार फ्लो आणि बायोसेफ्टी कॅबिनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही स्टीलच्या, दोन्हींना काच, दोन्हींत हेपा फिल्टर आणि दोन्हींना तोच घुंऽऽ आवाज. लॅमिनार मात्र गाळलेली हवा कामावरून तुमच्या तोंडाकडे ढकलतं. ते जंतू वाढवायचं मीडिया ओतायला किंवा पीसीआरचं मिश्रण (मास्टरमिक्स) करायला ठीक. त्यात रुग्णाचा स्वॅब उघडला तर नळीतलं सगळं थेट टेक्निशियनच्या नाकाशी येतं.

हवं ते क्लास २, टाइप ए२. समोरच्या फटीतून हवा साधारण अर्धा मीटर प्रति सेकंद वेगाने आत ओढली जाते, म्हणजे मिनिटाला १०० फूट. सुमारे ७० टक्के हवा हेपातून गाळून पुन्हा आत फिरते, ३० टक्के गाळून बाहेर पडते. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा फिल्टर.

ओळखायचं कसं? टिश्यू पेपरची बारीक पट्टी कापून समोरच्या फटीच्या वरच्या कडेला धरा. आत झुकली तर कॅबिनेट, बाहेर फडफडली तर लॅमिनार.

वापरताना :
ब्लोअर सुरू केल्यावर ५ मिनिटं थांबा, काम संपल्यावरही ५ मिनिटं चालू ठेवा. हात सरळ आणि सावकाश आत न्या, आत गेल्यावर मिनिटभर थांबा, मग काम. पुढच्या जाळीवर फॉर्म, वही किंवा कोपर टेकलं की तिथला हवेचा पडदा फाटतो, म्हणून काम जाळीपासून किमान १० ते १५ सेंटिमीटर आत. स्वच्छ वस्तू एका बाजूला, वापरलेल्या दुसऱ्या बाजूला, हाताची हालचाल स्वच्छाकडून घाणेरड्याकडे. पिपेटची वापरलेली टिप टाकायचं भांडं कॅबिनेटच्या आतच. ते बाहेर ठेवलं की प्रत्येक टिपेला हात बाहेर जातो आणि पडदा शंभर वेळा मोडतो. आत बर्नर पेटवायचा नाही. ज्योतीने हवेचा प्रवाह बिघडतो, आणि आतच स्पिरिटने पुसलेलं असतं.

वर्षातून एकदा तपासणी करून घ्या : हवेचा वेग, धुराची चाचणी, हेपाच्या कडेने गळती. कॅबिनेट जागचं हलवलं तर त्याच दिवशी पुन्हा. हलवताना फिल्टरची सील सुटते, ती डोळ्यांना दिसत नाही.

अनाहूत_पाहुणा

लॅमिनारची काच अर्ध्यावर ओढून घेतली तर चालेल का? बऱ्याच ठिकाणी तसं करतात.

पाषाणकर_७

नाही. काच अर्ध्यावर ओढली की तीच हवा अरुंद फटीतून आणखी वेगाने बाहेर येते. त्यापेक्षा ते बंद ठेवा.

अतिनील दिव्याबद्दलही इथेच लिहितो. ट्यूब निळी दिसते म्हणजे काम करते असं नाही. तिची ताकद महिन्यागणिक घटते, धूळ बसली की आणखी कमी होते, आणि सावलीत तिचा काही उपयोग नाही. पुसून घेण्याला तो पर्याय नव्हे.

हवापालट

एअर कंडिशनिंग हेच काम असल्यामुळे खोलीबद्दल लिहितो.

साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, आतलीच गार करून फिरवतो. दारं-खिडक्या बंद आणि एसी १८ वर, अशी खोली म्हणजे सगळ्यांनी एकच हवा वाटून घ्यायची सोय. शिवाय एसीचा झोत किंवा छताचा पंखा कॅबिनेटसमोर असेल तर अर्धा मीटर प्रति सेकंदाचा पडदा टिकत नाही. मागून कुणी भरभर चालत गेलं तरी तो हलतो. म्हणून कॅबिनेट दारापासून आणि वर्दळीपासून लांबच्या कोपऱ्यात, एसीचा झोत दुसरीकडे वळवून, आणि वरचा पंखा काढून टाकून. 'लावत नाही कधी' यावर विसंबू नका. मे महिन्यात कुणीतरी लावतंच.

आता हिशेब. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट, म्हणजे १२०० घनफूट. तासाला ६ वेळा हवा बदलायची तर ७२०० घनफूट, म्हणजे मिनिटाला १२०. बारा वेळा बदलायची तर मिनिटाला २४०. एक्झॉस्ट पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. पाइप आणि दोन वळणं लावली की तो बराच घटतो, त्यामुळे एक माप मोठा घ्या. पंखा दाराच्या समोरच्या भिंतीत लावा, म्हणजे हवा दाराकडून आत येऊन नमुन्यांवरून बाहेर जाईल. बाहेरच्या बाजूला जिना, डक्ट किंवा शेजारच्यांची खिडकी नाही ना, ते आधी पाहा.

हे आकडे का महत्त्वाचे : तासाला ६ बदल असतील तर हवेतले ९९ टक्के कण जायला सुमारे ४६ मिनिटं लागतात, १२ असतील तर २३. काही सांडलं की खोलीत परत केव्हा जायचं ते यावर ठरतं.

दाब मोजायचं यंत्र नसलं तरी चालेल. रोज सकाळी एक्झॉस्ट लावा, दार बंद करा आणि बाहेरून दाराच्या खालच्या फटीशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर आला किंवा सरळ वर गेला तर काम सुरू करू नका. स्पिरिटने पुसण्याच्या आधी हे करा, नंतर नाही.

कर्वेरस्ता

क्रमाबद्दल माझा थोडा विरोध आहे. हवा, कॅबिनेट सगळं खरं, पण साथीच्या पहिल्या आठवड्यात माणूस उघडा पडतो तो अंगावर काही नसल्यामुळे. कॅबिनेट यायला आठवडे लागतात, कव्हरऑल दुसऱ्या दिवशी मिळतो. त्याला शेवटी कसं टाकता?

दुहेरी_ग्लोव्ह

कर्वेरस्ता, मुद्दा रास्त आहे. पण ज्याच्यावर भरवसा ठेवायचा तो कव्हरऑल नव्हे. श्वसनाच्या नमुन्याचा धोका नाक, तोंड आणि डोळे यांना आहे, पाठीला आणि पोटऱ्यांना नाही. बेंचवर काम करणाऱ्याला लागतं ते असं : मागून बांधायचा, मनगटाला घट्ट, पूर्ण बाह्यांचा गाऊन, दोन जोड्या ग्लोव्हज, बाहेरची जोडी गाऊनच्या बाहीवरून, एन-९५, आणि गॉगल किंवा फेसशील्ड.

एन-९५ ला व्हॉल्व्ह नको, त्यातून श्वास न गाळता बाहेर पडतो. घातल्यावर दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. नाकाशी किंवा गालाशी हवा लागली तर पट्टी पुन्हा दाबा. दाढीवर एन-९५ बसत नाही.

एप्रिल-मेच्या पुण्यात कव्हरऑलमध्ये दोन तासांत माणूस घामाने निथळतो. घामाने मास्क ओला होतो, गॉगलवर वाफ धरते, वाफ पुसायला हात चेहऱ्याकडे जातो. शिवाय कव्हरऑल काढताना बाहेरची बाजू अंगाला घासते. बहुतेक चुका काढतानाच होतात. गाऊनचा क्रम सोपा आहे : कॅबिनेटमधून हात बाहेर काढण्याआधी बाहेरचे ग्लोव्हज आतच काढून टाका. मग गाऊन आतून बाहेर गुंडाळत काढा, मग आतले ग्लोव्हज, हात धुवा, मग गॉगल. खोलीच्या बाहेर आल्यावर सगळ्यात शेवटी मास्क, मागच्या पट्ट्यांना धरून. मग पुन्हा हात.

कर्वेरस्ता

बेंचसाठी पटलं. स्वॅब घेणाऱ्या माणसाचं काय? त्याच्या तोंडावर रुग्ण खोकतो.

दुहेरी_ग्लोव्ह

त्याला हवा हेच उत्तर. स्वॅब बंद खोलीत घेऊ नका. गच्ची, पार्किंगचा मोकळा कोपरा, गॅलरी, जिथे आरपार वारा असेल तिथे, आणि घेणाऱ्याने रुग्णाच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं. रुग्णाचा मास्क तोंडावरच राहू द्या, फक्त नाकाखाली घ्या. गाऊनवर प्लॅस्टिकचा एप्रन घातला तर दर रुग्णाला एप्रन आणि बाहेरचे ग्लोव्हज तेवढे बदलता येतात.

स्लाइडवाला

सगळे स्वॅबबद्दलच बोलताहेत. साथीत लॅबकडे येणारे बहुतेक नमुने सीबीसी, सीआरपी, डी-डायमर अशा रक्तचाचण्यांचे असतात, आणि ते त्याच रुग्णांचे असतात. ज्याच्या फॉर्मवर काही लिहिलेलं नाही तोही त्यांतलाच एक समजा.

व्हॅक्युटेनरचं, म्हणजे रक्ताच्या नळीचं बूच अंगठ्याने 'टक' करून उडवायची सवय मोडा. त्या टकसरशी बारीक थेंब उडतात. बुचावर गॉजचा चौकोन ठेवायचा, नळी अंगापासून लांब धरायची, बूच पिळत पिळत सैल करायचं आणि गॉजसकट उचलायचं. बूच न काढता सुईने टोचून नमुना घेणारं यंत्र असेल तर तेच वापरा.

सेंट्रीफ्यूजबद्दल : झाकणबंद बकेट किंवा सीलबंद रोटर घ्या, आणि ते कॅबिनेटमध्ये उघडा. समोरासमोरच्या नळ्या तोलून ठेवा. नुसती पातळी सारखी दिसून भागत नाही. थांबल्यावर लगेच उघडू नका, दहा मिनिटं जाऊ द्या. फिरताना खडखडाट झाला, नळी फुटल्याची शंका आली, तर बटण बंद आणि झाकण ३० मिनिटं बंदच. उघडल्यावर तुकडे चिमट्याने उचला, बोटाने कधीही नाही. रोटरवर हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) ओतू नका, ॲल्युमिनियम खातं ते. रोटर बनवणाऱ्याने चालेल म्हटलेलं जंतुनाशक वापरा.

क्षारमापन

स्लाइडवाला काका, हायपोचा विषय काढलात ते बरं झालं. या धाग्यात माझ्या मते सगळ्यात आधी यायला हवी होती ती गोष्ट लिहितो.

पीसीआरसाठी विषाणूचा आरएनए काढायच्या किटमधल्या लायसिस बफरमध्ये (विषाणू फोडणाऱ्या द्रवात) ग्वानिडिन थायोसायनेट किंवा ग्वानिडिन हायड्रोक्लोराइड असतं. ते हायपोत मिसळलं की विषारी वायू निघतात. थायोसायनेटच्या बाबतीत त्यात सायनाइडवर्गी वायूही असतात. लहान बंद खोलीत, दिवसभराच्या टिपा एकाच बरणीत पडत असतील, तर हे घडायला वेळ लागत नाही. स्वॅब ज्या द्रवात घालून पाठवतात त्या काही ट्रान्सपोर्ट मीडियातही ग्वानिडिन असतं. विषाणू निष्क्रिय करणारा मीडिया म्हणून तो विकतात. नळी हातात आली की आधी लेबलवरचं घटकद्रव्य वाचा. साधा व्हीटीएम (विषाणू निष्क्रिय न करणारा ट्रान्सपोर्ट मीडिया) आणि हा मीडिया दिसायला सारखेच असू शकतात.

कॅबिनेटमध्ये दोन बरण्या ठेवा. एकीत १ टक्का हायपो : फक्त नमुन्याला लागलेल्या टिपा, साध्या व्हीटीएमचे थेंब. दुसरी कोरडी, लायसिस बफरला लागलेल्या सगळ्या टिपा आणि नळ्यांसाठी. दोघींची झाकणं वेगळ्या रंगाची, आणि दुसरीवर मराठीत मोठ्या अक्षरांत 'हायपो घालू नये'. कारण संध्याकाळी ती रिकामी करणाऱ्या मावशींना इंग्रजी लेबल वाचता येईलच असं नाही.

हायपो करायची रीत : बाजारातला कॅन ५ टक्क्यांचा की १० चा ते बघा. ५ टक्क्यांचा असेल तर २०० मिलि हायपो आणि ८०० मिलि पाणी, म्हणजे एक लिटर १ टक्का. १० चा असेल तर १०० आणि ९००. बेंच आणि दाराच्या कड्या पुसायला ०.१ टक्का पुरतं, म्हणजे ५ टक्क्यांचा २० मिलि आणि पाणी ९८०. रोज सकाळी ताजं करा, बाटलीवर तारीख-वेळ घाला, रात्री उरलेलं टाका. मूळ कॅन उन्हात किंवा ऑटोक्लेव्हशेजारी ठेवू नका. मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला कॅन आतून पाण्यासारखा होत जातो, वास मात्र येत राहतो. वासावर जाऊ नका. क्लोरीनच्या पट्ट्या मिळतात, त्यांनी तपासा.

रक्त किंवा कफ असेल तर हायपो त्यातच खर्च होतं, म्हणून आधी शोषून घ्या, मग हायपो. स्टीलवर हायपो मारल्यावर दहा मिनिटांनी पाण्याने आणि मग स्पिरिटने पुसा, नाहीतर कॅबिनेटच्या तळाला खड्डे पडतात. लघवीच्या डब्यात तीव्र हायपो ओतू नका, अमोनियाशी संयोग होऊन घसा जाळणारा वायू निघतो. आम्लाशी तर मुळीच नको.

मुळामुठा

स्पिरिट ७० टक्केच का, ९५ जास्त चांगलं नाही का, हा प्रश्न प्रत्येक नवा टेक्निशियन विचारतो.

क्षारमापन

प्रथिनं मोडायला पाणी लागतं. ९५ टक्क्यांचं स्पिरिट पृष्ठभागावरून लगेच उडतं आणि वरवरचं प्रथिन गोठवून आतलं झाकून टाकतं. ९५ पासून ७० करायला साधारण ७३५ मिलि स्पिरिट घेऊन पाण्याने एक लिटर करा. पृष्ठभाग मिनिटभर ओला राहिला पाहिजे.

अनाहूत_पाहुणा

मग त्या दुसऱ्या कोरड्या बरणीचं पुढे काय करायचं? ऑटोक्लेव्ह?

बायोवेस्ट_ताई

नाही, ऑटोक्लेव्हही नाही. ग्वानिडिनवालं तापवलं तरी घातक वाफा निघतात. द्रव वेगळ्या, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये साठवा, रासायनिक कचरा म्हणून नोंदवा आणि सामायिक प्रक्रिया केंद्राच्या माणसाला तसं सांगून द्या. सिंकमध्ये ओतू नका. त्याच पाइपात थोड्या वेळाने कुणीतरी हायपो ओततंच.

बाकीचा कचरा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे. व्हीटीएमच्या नळ्या, टिपा, एपेनडॉर्फच्या छोट्या नळ्या, व्हॅक्युटेनर : आधी लॅबमध्येच निर्जंतुक करून मग लाल पिशवी. स्वॅब, मास्क, कापूस, रक्ताने भरलेलं गॉज पिवळ्या पिशवीत. सुया पांढऱ्या न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. करोनात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दुहेरी पिशवी आणि वेगळं लेबल सांगितलं होतं. पुढच्या साथीतही पिशवी दुहेरीच घ्या. तीन चतुर्थांश भरली की बांधा, दाबून जागा करू नका. दाबताना बाहेर येणारी हवा थेट तोंडावर येते. ४८ तासांपेक्षा जास्त साठवण नको.

ऑटोक्लेव्हबद्दल पुणेकरांसाठी एक खास गोष्ट. नियमांत साध्या ऑटोक्लेव्हसाठी १२१ डिग्री, १५ पाउंड दाब आणि किमान ६० मिनिटं असं आहे. काट्यावर १५ पाउंड दिसले की १२१ झाले हे गणित समुद्रसपाटीचं. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, बाहेरच्या हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे इथे त्याच काट्याला आतलं तापमान १२० च्या आसपास राहतं. म्हणून दाब नाही, तापमान बघा, आणि मिनिटं मोजायला तापमान गाठल्यावर सुरुवात करा.

त्याहून मोठा घोटाळा अडकलेल्या हवेचा. वाफेची कळ लवकर बंद केली आणि निम्मी हवा आत राहिली, तर काटा १५ दाखवतो पण तापमान ११२ च्या आसपास थांबतं. पिशव्यांची तोंडं गच्च बांधून आत ठेवली तरी तेच, वाफ आत शिरतच नाही. तोंड सैल ठेवा, ड्रम ठासून भरू नका, कळीतून सरळ वाफेची धार येईपर्यंत थांबा. रंग बदलणारी टेप फक्त बाहेरून गरम झाल्याचं सांगते. आठवड्यातून एकदा उष्णतेला चिवट अशा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस जंतूच्या बीजाणूंची कुपी पिशवीच्या मधोमध ठेवून तपासा. हायपोत बुडालेला कचरा ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका.

आणि मावशींबद्दल. पिशवी शेवटी उचलतात त्या, आणि बहुतेक लॅबमध्ये सगळ्यात पातळ ग्लोव्हज त्यांच्याच हातात असतात. त्यांना जाड रबरी हातमोजे, बंद बूट, मास्क आणि हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस (०, १ आणि ६ महिने) द्यायलाच हवेत. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं नियमांतही आहे. प्रशिक्षणाला टेक्निशियनबरोबर त्यांनाही बसवा, मराठीत.

स्लाइडवाला

ताई, शेवटच्या परिच्छेदाला माझं शंभर टक्के अनुमोदन.

मुळामुठा

नमुना लॅबपर्यंत येण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून.

गळतीचं पहिलं कारण स्वॅबची काडी. खाचेवर मोडली नाही तर काडी लांब राहते, झाकण तिरपं बसतं, आणि नळी आडवी झाली की पाझरते. काडी नळीच्या भिंतीला टेकवून खाचेवरच मोडा, झाकण शेवटपर्यंत फिरवा, वर पॅराफिल्म.

मग तिहेरी पॅकिंग : नळी, तिच्याभोवती सगळा द्रव शोषेल इतका कापूस, न गळणारी दुसरी पिशवी किंवा डबा, आणि बाहेर कडक खोकं. बाहेरच्या खोक्यावर यूएन ३३७३ चं (जैविक नमुन्यांसाठीचं) चौकोनी चिन्ह. फॉर्म नळीबरोबर आत कधीच नको, बाहेरच्या खिशात ठेवा. पाझरलेला फॉर्म काउंटरवरच्या मुलीच्या हातात जातो, आणि तिच्या हातात ग्लोव्हज नसतात.

दुचाकीच्या डिक्कीत सुटी पिशवी टाकून आणणं बंद करा. डिक्की तापते आणि खड्ड्यांत नळ्या आपटतात. आइसपॅक घातलेला व्हॅक्सिन कॅरिअर पट्ट्याने बांधून आणा, २ ते ८ डिग्री. तेवढ्या थंडीत ७२ तासांपर्यंत चालतं, त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७०. लॅबमध्ये खोकं काउंटरवर नाही, कॅबिनेटच्या खोलीत उघडायचं.

पाषाणकर_७

अवांतर, पण महत्त्वाचं. सार्सची मुख्य साथ २००३ च्या जुलैत संपली. त्यानंतर लॅबमधून लागण झाली ती सिंगापूर (सप्टेंबर २००३), तैवान (डिसेंबर २००३) आणि बीजिंग (२००४) इथे. सिंगापूरचा विद्यार्थी सार्सवर कामच करत नव्हता. त्याच्या वेस्ट नाइल विषाणूच्या नमुन्यात सार्सची सरमिसळ झाली होती. तैवानमध्ये सांडलेला कचरा साफ करताना घडलं. बीजिंगमध्ये निष्क्रिय समजलेला विषाणू पुरता निष्क्रिय नव्हता. तिन्ही प्रगत संशोधन संस्था. बीजिंगचं उदाहरण ५६ डिग्रीवर ३० मिनिटं तापवून 'आता सुरक्षित' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. प्रथिन जास्त असेल तर तेवढं पुरेलच असं नाही, आणि पीसीआरचा सिग्नलही घटू शकतो.

अनाहूत_पाहुणा

सांडलं तर नेमकं काय करायचं, कुणी क्रमाने सांगेल का?

दुहेरी_ग्लोव्ह

कॅबिनेटमध्ये सांडलं तर ब्लोअर बंद करू नका. टिश्यू टाका, कडेकडून मधे हायपो ओता, दहा मिनिटांनी उचला. लायसिस बफर सांडला असेल तर हायपो नाही : शोषून घ्या, साबणपाण्याने पुसा, मग स्पिरिट.

बाहेर फरशीवर सांडलं तर श्वास रोखून बाहेर पडा, इतरांनाही काढा, दार बंद, एक्झॉस्ट चालू, दारावर पाटी आणि वेळ. किमान ३० मिनिटं. तासाला ६ च हवाबदल असतील तर हवापालट यांच्या आकड्याप्रमाणे ४६. मग एन-९५, गॉगल, गाऊन, दुहेरी ग्लोव्हज आणि बूटकव्हर घालून आत. तुकडे चिमट्याने, बाकी सुपलीने. या सामानाची बादली खोलीच्या बाहेर ठेवा. आत ठेवली तर ती आणायला त्याच हवेत शिरावं लागतं.

कर्वेरस्ता

आणि लाइट गेली तर? पहिल्या वळवाला जातेच.

पाषाणकर_७

ब्लोअर थांबला की पडदा संपला. नळ्यांना झाकणं लावा, हात सावकाश बाहेर, काच खाली, खोलीबाहेर. लाइट आल्यावर ५ मिनिटं ब्लोअर चालवून, आतून पुसून मगच पुढे. जमलं तर ब्लोअर आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या. एकट्या एक्झॉस्टला घेतलं तर बंद कॅबिनेटमधली हवा तो खोलीत ओढेल.

मुळामुठा

पुण्यातला गुरुवारही धरा. महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते तो बहुधा हाच वार. हात धुवायच्या बेसिनला आणि डोळे धुवायच्या नळाला गच्चीवरच्या टाकीची वेगळी जोडणी हवी. निदान १० लिटरचा तोटीचा पिंप बुधवारी भरून ठेवा.

स्लाइडवाला

अजून एक. पुढची साथ श्वसनाचीच असेल असं गृहीत धरू नका. २०२४ मध्ये शहरात झिका होता, तिथे प्रश्न रक्ताचा आणि सुईचा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार), तिथे शौचाचे नमुने. त्यांत सापडले ते पोट बिघडवणारे कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस. नोरोव्हायरसवर स्पिरिटचा भरवसा नाही, साबणपाणी आणि हायपोच. कॅबिनेट घेतलं म्हणून टॉयलेटशेजारचं नमुन्याचं टेबल विसरू नका.

निर्जंतुक

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. क्रम बदलतोय. पहिल्या आठवड्यात बिनखर्चाच्या गोष्टी : सहा क्षणांचा कागद, दोन बरण्या, मराठी लेबलं, बूच काढायची रीत, सांडल्यावरची बादली. त्याच आठवड्यात एन-९५, गाऊन आणि मावशींचे हातमोजे, हे कर्वेरस्ता यांचं ऐकून. मग एक्झॉस्ट. मग कॅबिनेट. तोवर साध्या व्हीटीएमची नळी उघडायचीच नाही, बंदच पुढे पाठवायची. कार्ट्रिज यंत्रालाही नळी उघडून पिपेट करावंच लागतं, त्यामुळे तेही कॅबिनेट आल्यावर. अँटिजेन चाचणी मोकळ्यावर, स्वॅब थेट बफरमध्ये.

एकच शंका. ती १० बाय १२ ची खोली, दार आत उघडतं. कॅबिनेट समोरच्या भिंतीला, एक्झॉस्टच्या खाली लावलं तर?

हवापालट

थेट खाली नको. एक्झॉस्टची ओढ कॅबिनेटच्या तोंडाशी लागेल. बाजूच्या भिंतीला, दारापासून लांबच्या कोपऱ्यात घ्या. मागे आणि दोन्ही बाजूंना साधारण ३० सेंटिमीटर मोकळं सोडा, वर फिल्टरच्या तोंडाशीही तेवढंच, म्हणजे तपासणीला येणाऱ्या माणसाचा हात जाईल. दार आत उघडतंय ते चालेल, खोली हवा ओढत असेल तर ते आतल्या बाजूला थोडं सुटू पाहील, म्हणून वर डोअर क्लोजर लावा. खालची फट बंद करू नका, हवा तिथूनच यायची आहे.

आणि उदबत्तीचं पाकीट दाराबाहेरच खिळ्याला टांगून ठेवा, म्हणजे सकाळी शोधत बसायला नको.